खिडकीतून दिलेली दशमी

हॅलो?… हॅलो?… अहो ठाकोरभाई, यात कोणी बोलतच नाही… हं? उलटा धरलाय? बरं. हसू नका. तुमच्या दुकानात साखर घ्यायला येते मी, फोन करायला नाही.

हॅलो?… हां, मीच. रंभाबाई… तू कोण?… प्रमिला? हो, हो, ऐकू येतंय. ओरडू नको, अख्खं बारडोली गोळा होईल. सून सासूशी भांडतेय म्हणतील.

पोचलात?… आणि उषा? रडली का गाडीत?… नाही ना. नाहीच रडायची. माझी नात आहे.

शालिग्राम? तो गेला मिलमध्ये. म्हटलं, लेकीचा ओठ शिवायचा आहे आज, जा बायकोबरोबर. तर म्हणतो, खाडा पडला तर मुकादम उद्या दारात उभं करणार नाही… हो, मी एकटीच घरात… एकटीला काय होतंय? सकाळपासून दोनदा झाडून काढलं घर. केर निघाला नाही, ते वेगळं.

मी का नाही आले? आता फोनवर काढतेस का ते? सांगितलं होतं तेव्हाच. सुरतेचा एवढा मोठा दवाखाना सोडायचा नि पोरीला न्यायचं बारडोलीला, ऊसवाल्यांच्या दवाखान्यात! शेजारच्या मालतीबाईच्या नातवाचं मोठ्या दवाखान्यात झालं, नि माझ्या नातीचं गुऱ्हाळाशेजारी? चाळीत कोणत्या तोंडानं सांगू?…

काय वं?… कोण आलाय?… तोच? सुरतेचा डॉक्टर? चष्मेवाला?… अगं, तो तिथं कशाला येईल?… दर बुधवारी?… हो… हो… सुरतेला त्याची रांग हटत नाही… आणि बारडोलीच्या खाटा रिकाम्या… म्हणून दोन्ही दवाखाने एक झाले… तिथला डॉक्टर आधी तपासून ठेवतो, मग हा येऊन शिवतो. हं…

हे आधी नाही का सांगायचं?… सांगत होतीस?… मी बोलू दिलं नाही?… बरं, नसेल दिलं. पुढं बोल.

नाही, थांब, आधी माझं ऐक. शुद्धीवर आली की दूध देतील तिला. चारचौघांत पाजू नको. फाटक्या ओठातून ओघळतं, नि लोक मेले बघत बसतात. तिच्यात नि लोकांत तू उभी राहा आणि पदर आडवा धर. मी धरते तसा. पदर धरल्याशिवाय घास घेत नाही ती… ठाऊक आहे? ठाऊक असेल. धरलास कधी?… बरं बरं, तुला चुलीपासून सवड नसते, मला माहितीय.

अगं ऐक ना… काय विचारतेस?… सकाळी? नाही, काही नाही खाल्लं तिनं. तूच म्हणालीस ना, पाणीसुद्धा नको. मग मी कशाला देऊ?… सिस्टर विचारते तर विचारू दे, तिचं कामच आहे ते… तुपाचा वास? फ्रॉकला?… घरात तूप असलं की येणारच वास. तुझ्या माहेरी नसेल येत.

उषा काय म्हणते?… काहीच नाही?… खिशावर हात धरून बसली? डॉक्टरलाही सांगत नाही?…

बे मिनिट, ठाकोरभाई. दोनच मिनिटं.

हां, बोल… काय होतं?… पुन्हा सांग… औषध हुंगवून निजवतात… हो… पोटात अन्न असलं तर वर येतं… आणि? छातीत जातं?… निजलेल्या पोराला खोकताही येत नाही…

…



प्रमिला, त्यांना म्हणावं थांबा… आधी सांग त्यांना! मग बोलते…

सांगितलंस?… मी दिली… दशमी. दुधात मळलेली, तूप लावून, फडक्यात बांधून. गाडी सुटताना खिडकीतून दिली. तू तेव्हा पिशवी वर ठेवत होतीस. कानात सांगितलं तिला, वाटेत कडोदरा आलं की खा. नि आईला सांगशील तर माझी शपथ…

ओरड. ओरडून घे…

का म्हणजे? आपल्यात उपाशी लेकराला गावाची शीव ओलांडू देतात का? माझ्या सासूनं तिच्या पोरांना दिली. खानदेश सोडून या सुरतेला आलो, तेव्हा मी शालिग्रामला दिली. शिवेपलीकडं काय वाढून ठेवलंय कोणाला ठाऊक, पोटात घरचं अन्न असावं… दवाखानेवाले म्हणतात ते मला उगाच वाटलं. दशमीनं काय होतंय, वाटलं. छातीत जातं हे कोणी सांगितलं का मला?… नाही, तुझ्यावर ढकलत नाही. दिली मीच.

खाल्ली की नाही, ते नाही ठाऊक. तिलाच ठाऊक… विचारून उपयोग नाही. शपथ आहे ना. बोलले तर आजी मरते, असं धरून बसली असेल ती.

खाल्ली असली तर आज नाही करायचे?… हं… मागं ताप आला म्हणून सुरतेला पाळी हुकली, तर पुन्हा शेपटाला उभं केलं. वरीस गेलं. आता परत तेच… कधी?… पुढच्या बुधवारी? पुढच्या म्हणजे या पुढच्याच?… कोण म्हणालं, तो चष्मेवाला?… माझाच मेला आडमुठेपणा. अशा दवाखान्याला मी गुऱ्हाळ म्हटलं… नाही, काही नाही म्हटलं.

फोन तिच्याकडं दे… लहान आहे तर काय झालं, कान आहेत ना? दे. उलटा देऊ नको.

उशे?… मी आजी… घरी नाही, ठाकोरभाईच्या दुकानात. गोळ्यांच्या बरण्या आहेत ना, तिथं… अगं बोल ना. मान हलवू नको, मला दिसत नाही.

ऐक, बेटा. शपथ सुटली… हो, सुटली. मीच घातली, मीच सोडली… नाही मरत मी. आईला विचार, आजी अशी सुखासुखी मरणारी आहे का… हसली? काय म्हणाली?… जाऊ दे.

दशमी खाल्लीस?… मोठ्यानं बोल… नाही?… एक घाससुद्धा नाही? खरं सांग, कोणी मारणार नाही… मग आहे कुठं?… खिशात.

का गं नाही खाल्लीस? भूक नव्हती?… होती… मग?

…

कोणी पदर धरला नाही.

…

हो. समोरची माणसं बघत होती… आणि आईला धर म्हणता येईना, शपथ होती… हो गं, माझी माय. शहाणी माझी.

काढ ती खिशातून. आईच्या हातात दे. डॉक्टरला दाखव म्हणावं, फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नाही… दिलीस?… काय म्हणतो तो?… आज करणार? आजच?… बघ. चष्मेवाल्याला अक्कल आहे.

आता आईचा हात धर. दारापर्यंत ती येईल, पुढं एकटीनं जायचं. रडायचं नाही… बरं, रड थोडं. मी कुठं बघतेय.

मी?… येते ना. दुपारच्या गाडीनंच… आई काय म्हणते?… एकच बाई राहू देतात?… हां. मग आईच राहू दे… आजी नको, आईच. तिला जमतं सगळं. मी सांगितलंय तिला पदराचं.

कोण?… ट्रंककॉलवाल्या बाई? अहो, तुम्ही मध्येच कुठून आलात?… वेळ झाली? आज झाली व्हय तुमची वेळ? पोरीला आत नेतायत माझ्या, एवढं बोलू द्या…

उशे, ऐकतेस?… ओठ शिवून आलीस ना, की ताजी दशमी करते. ओट्यावर बसून खायची. मालतीबाईच्या समोर, सगळ्या चाळीच्या समोर. मी पदर नाही धरणार… धरू?… अगं, लागायचाच नाही तुला आता… नाही, कधीच नाही…

उशे?… हॅलो?… हॅलो?…

गेली लाइन. हा घ्या, ठाकोरभाई… हो, आज करतायत. चांगलंच झालं… जाते ना घरी. घर कुठं पळतंय…

जरा बसू का इथं?… नाही, नाही, चहा नको. गिऱ्हाईक आलं की उठते.