बेताबेतानं

सावेडीच्या दवाखान्यात फरहीनचा नंबर लागायचा होता. सहावा महिना, अंगानं भरलेली. काट्यावर वजन कमी दिसावं म्हणून ती सकाळपासून उपाशी होती. शेजारी बेलापूरहून आलेल्या सासू-सुना बोलत होत्या.

“आत्या, आज वजन किती भरंल वो?”

“भरंल तेवढं भरू दे. मागल्या बारीला वाढलं म्हनून तू जेवनच सोडलंस. चक्कर येऊन पडलीस.”

“मला वाटलं, बाळंतपन जड जाईल.”

“डॉक्टरीनबाईनं सांगितलं न्हवं? वजन उतरवायचं न्हाई, बेतानं वाढू द्यायचं. दोन जिवांचं म्हनून दुप्पट न्हाई खायचं, आन् उपाशीबी न्हाई ऱ्हायचं.”

“माझ्यापायी तुमीबी लाडू सोडले.”

“मटकी काय वाईट लागती व्हय? तुझ्यासंगं रोज चालून माझं गुडघं मोकळं झालं.”

“माझी आई असती तर तिनंबी एवढंच केलं असतं.”

“असती म्हंजी? मी हाय की.”

सुनेनं सासूचा हात धरला.

फरहीननं नवऱ्याला फोन लावला. “अलीम, खायला काहीतरी घेऊन या. नाही, वजनाच्या आधीच खाते.”

मग ती शेजारी वळली. “मावशी, तुमचे उपकार झाले.”

“अगं पोरी, म्या काय केलं?”