दुसरा कान

नाही हो काका, ऑपरेशनच्या कागदावरची सही राहू द्या, आधी बसा तुम्ही. गेल्या वर्षी डावा कान केला, आता उजवाही करा म्हणताय – का पण? डाव्याने येतंय ना ऐकू? नातीचं बोलणं कळतं, फोन घेता, रात्री नळ ठिबकतो तेही समजतं म्हणालात – मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? काय? – अरे वा, तो निबंध वाचलात तुम्ही! मुलाने दाखवला असेल. हो, माझाच शोधनिबंध तो. तीस कान, एकही वाया गेला नाही. लिहिलंय खरं तसं. पण तीस नव्हते ते, काका. एकतीस होते.

एकतिसावा माझ्या दादाचा. सख्खा भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, लेथवर काम करायचा. तुमचा तोच आजार त्याचा – कानातलं शेवटचं हाड, तांदळाच्या दाण्याहून लहान, ते घट्ट बसतं, हलेनासं होतं. त्याच्या जागी आपण बारीक दांडीसारखा पिस्टन घालतो. तुमच्या कानातला कारखान्यातून आलाय, पण संशोधन सुरू केलं तेव्हा ते पिस्टन घडवले कुणी? दादाने! डोळ्याला भिंग लावून बसायचा – बहीण डॉक्टर आणि भाऊ फिटर, म्हणायचा, बारके, आपलं दुकान जोरात चालणार बघ. त्याचा पहिला कान मी केला. तिसऱ्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये गेला, लेथ चालू केलं आणि तिथूनच फोन – अगं, बेअरिंग गेलंय याचं, मला ऐकू येतंय! रडत होता हो, एवढा मोठा माणूस.

तिथेच थांबायचं होतं. थांबले का? नाही. दुसरा कान त्याने नव्हता मागितला, काका, मीच मागे लागले. एकाच माणसाचे दोन्ही कान असले की निबंधाला वजन येतं – असं तोंडाने नाही म्हणाले मी, तुझ्याच भल्यासाठी म्हणाले. आणि त्या दिवशी काचेपलीकडे पाहुणे उभे होते, मोठमोठे सर्जन, माझी पद्धत बघायला आलेले. पेशंट जागाच असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पिस्टन आत गेला आणि दादा म्हणाला, बारके, गरगरतंय गं. गरगरणं म्हणजे काय? म्हणजे थांबायचं, पिस्टन खोल गेलाय, मागे घ्यायचा – हे मी शिकाऊ पोरांना दहादा शिकवलेलं. मी काय केलं? म्हटलं, दोन मिनिटं दादा, हलू नकोस. पाहुण्यांसमोर हात मागे घ्यायला लाज वाटली. बस, एवढंच.

आठ दिवसांनी पट्टी काढली. तो कान ठार गेला होता. आत नुसती घरघर, अजून आहे, बारा वर्षं झाली. त्याने खाली बघत विचारलं, पिस्टन लांब झाला का गं माझ्याकडून?

लांब नव्हता. स्वतः मापला होता मी, केसाइतकाही फरक नव्हता. आणि मी – मी म्हटलं, असेल.

असेल! एकच शब्द, काका. दुसऱ्या दिवसापासून त्याने लेथला हात लावला नाही. म्हणतो, हाताची नजर गेली माझी. आणि निबंधात मी त्याचा तो कान गाळला, कारण लिहिलं – पेशंट फेरतपासणीला आला नाही. दर मंगळवारी यायचा हो! बाहेर बाकावर बसायचा, माझं काम संपेपर्यंत. दुसरा कान मात्र मी पुन्हा कुणाचा केला नाही, त्या दिवसापासून कानाला खडा.

काय म्हणालात? – सांगितलं का त्याला? नाही... म्हणजे हो. रविवारी जाते ना मी त्याच्याकडे. मला तरी कोण आहे दुसरं? वहिनी आत असते, टीव्ही मोठ्याने चालू असतो. मी त्याच्या उजव्या बाजूला बसते आणि सांगते हळूच. सगळं सांगते – पाहुणे, दोन मिनिटं, पिस्टन बरोबर होता, सगळं. तीनदा सांगितलंय आतापर्यंत. तो टीव्हीकडे बघत असतो.

उजवाच गेलाय त्याचा.

– असं बघू नका माझ्याकडे. तो कागद द्या इकडे. उठा, आणि जाताना पुढच्या पेशंटला आत पाठवा.