उत्तरं आईची

कॉलेजच्या मदतकक्षाबाहेर सुतारकाका नातीचा बंद पडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या मायलेकींची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जात होती. बायको गेल्यापासून काकांच्या कानांवर असलं घरगुती भांडण पडलं नव्हतं.

"आई, मार्गदर्शक मॅडमना माझ्या कॉलेजच्या ऑनलाइन खात्यावरून कोण लिहितंय?"

"मी. तू ते उघडं टाकून झोपतेस."

"लिहिलंस तरी काय?"

"त्यांनी विचारलं, मन कशात रमतं? म्हटलं, बिघडलेलं यंत्र उघडण्यात. मिक्सर, पंखा, सगळं मीच उघडते ना?"

"अगं, त्यांना वाटलं ते मीच! यंत्रदुरुस्तीच्या वर्गात घातलंय मला. आज बदललं नाही, तर वर्षभर तेच! मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही कळत नाही."

"मग तुला हवंय काय?"

"इतिहास."

"कधी बोलली नाहीस."

"तू तरी यंत्रांचं कधी बोललीस? मला वाटायचं, पैसे वाचवायला करतेस."

"छे गं. मजा येते."

"पुढे कोण?" खिडकीतून हाक आली. नंबर काकांचा होता. त्यांनी हातानेच मायलेकींना पुढे जायला सांगितलं.

"सर, मला यंत्रदुरुस्तीच्या वर्गातून काढा. इतिहास द्या."

"देतो. पण मॅडमनी तुमची उत्तरं वाचून शिफारस केली होती. जागा फुकट जाईल."

"उत्तरं आईची आहेत. जागाही तिलाच द्या."

"गप गं, काहीतरीच तुझं!" आईने लेकीला कोपराने बाजूला सारलं आणि खिडकीत वाकली. "वयाची अट असते का हो?"