पीआय साहेबांची खुर्ची

नाही नाही, ज्योत्स्नाबाई, ती खुर्ची सोडून बसा — ती पीआय साहेबांची. हो, खोली सरकारी वकिलांची, पण त्यातली धड खुर्ची पोलिसांची. हसताय? हसा. परवा रुजू झालात, तुम्हाला हसू येणारच. आम्हा सरकारी वकिलांची अख्खी नोकरी पोलीस खात्यात गेली — पगार तिथून, बदली त्यांच्या हातात, गोपनीय अहवालसुद्धा त्यांचाच साहेब लिहायचा. इंग्रज जाऊन पन्नास वर्षं झाली, आणीबाणी जाऊन वीस, आणि सरकारी वकील मात्र पोलिसांच्या दावणीला! पंचाण्णव साली दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, यांना वेगळं काढा. काढलं. बाहेर नवी पाटी लागली, मी पेढे वाटले — आणि पेढा तोंडात असतानाच पीआय दारात आले, तर मी ताडकन उभा! खातं बदललं हो, गुडघ्यांना कोण सांगणार?

तर काय विचारत होतात — लखनच्या फायलीतला, तुमच्या हातातला तो कागद. वाचलाय मी. चोरी झाली त्या दिवशी तो तापानं फणफणलेला, इगतपुरीच्या दवाखान्यात भरती. बायकोनं कागद आणून दिला, कुणा हवालदारानं इमानानं फायलीला लावला. चार महिने आत आहे बिचारा. आज कागद मॅजिस्ट्रेटसमोर गेला तर सुटेल, नाही गेला तर... साहेबांचा सकाळीच फोन आला, 'तेवढा काढून ठेवा, मी न्यायला येतो.' त्यात काय एवढं, असे कागद निघतात — म्हणजे निघायचे. पूर्वी. एकदाच. बरं, एकदाच नाही... पण आठवतो तो एकच. पेठकडचा मंगळू. गुन्ह्याच्या दिवशी तो पार पिंपळगावला, द्राक्षाच्या मळ्यात कामाला. हजेरीचा कागद होता ना तसा, त्याच्या आईनं, लंकाबाईनं पायपीट करून मिळवलेला. मी काढला. याच हातानं. दर तारखेला ती त्या दारापाशी उभी — 'साहेब, माझा कागद वाचला का वो?' मी म्हणायचो, वाचला. खोटं नव्हतं ना ते? वाचला होता की मी! दोन वर्षांची सजा लागली मंगळूला. निकालाच्या दिवशीसुद्धा बाई मला हात जोडून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

थकलो हो आता. महिनाअखेर रिटायर होतोय, गंगापूर रोडला लेकीकडे जाऊन पडायचं, बस्स. हे सगळं तुम्हाला कशाला सांगत बसलो कोण जाणे.

जीप वाजली ना? तेच. अहो, पण तुम्ही — तुम्ही त्यांच्याच खुर्चीत बसलात? कधी? ...असू दे. उठू नका. बघा, मी उभा राहिलोच. आता नीट ऐका, बाई. साहेब आत आले की मी तुमच्याकडे तो कागद मागेन. मागेनच, मला ठाऊक आहे माझं. देऊ नका. मी ओरडलो, अगदी वरिष्ठ म्हणून हुकूम सोडला, तरी देऊ नका. पुकारा झाला की सरळ कोर्टात जा आणि — या साहेब, या! नाही नाही, तयार ठेवलाय. अहो ज्योत्स्नाबाई, तो लखनचा कागद द्या बघू इकडे.