बेलबनच्या फाटकाची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष आणि चिंचबन वसाहतीचे कारभारी शिवप्रसादजी कोरे, आजचे उत्सवमूर्ती, आपल्या संरक्षण पथकाचे मावळते प्रमुख महांतेशअप्पा मठपती, त्यांच्या शेजारी बसलेले नियोजित प्रमुख, वसाहतीतले तरुण रविकिरण, समोरचे चिंचबनकर, आणि रस्त्यापलीकडून आलेले, दारात पास दाखवून मागच्या रांगेत बसलेले बेलबन वसाहतीचे मुक्त नागरिक, आपणा सर्वांना शरणु शरणार्थी.

अध्यक्षांनी माझ्यावर सोपे काम सोपवले आहे. बेलबनच्या फाटकाची ही किल्ली अप्पांकडून घ्यायची आणि रविकिरण यांच्या हाती द्यायची. किल्ली माझ्याकडे आलेली आहे. पुढे देण्यापूर्वी ती कोणाची, एवढाच प्रश्न मला विचारायचा आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलवण्यातला हा धोका अध्यक्षांनी पत्करलेला आहे.

पथक का निघाले, हे आठवावे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे लातूर शेतात जेवायला जाते. घरांना कुलपे, गल्लीत कुत्रे. मग घरे कोण राखणार? म्हणून त्या एका दिवसापुरते पथक निघाले. बंद पडलेल्या बँडचे झालरीचे गणवेश मिळाले, शिट्ट्या मिळाल्या. दिवस मावळला, आपण परतलो, घरे जागच्या जागी होती. पथकाने निष्कर्ष काढला की घरे राहिली ती पथकामुळे. आता मला सांगा, जो धोका आला नाही तो कधी संपला हे कसे ठरवायचे? ते ठरलेच नाही. पथक राहिले. वर्गणी ऐच्छिक होती. पुढे ती न देणाऱ्याच्या दारात शिट्टी वाजू लागली आणि इच्छा आपोआप वाढली.

गेल्या वर्षी अमावास्या दोन दिवसांवर पसरली. बेलबनने आदल्या दिवशीची धरली, आपण दुसऱ्या दिवशीची. आदल्या दिवशी सकाळी अप्पांच्या पथकाने रस्त्यापलीकडे पाहिले आणि बेलबनमध्ये चिटपाखरू दिसले नाही. कुणी पंचांग उघडले असते तर मी आज शाल, श्रीफळ आणि दोन गोड वाक्यांवर आटोपले असते. पण अध्यक्ष म्हणाले, "हालचाल न्हाई म्हंजे काही तरी हाय." पथक आत गेले. सायंकाळी माणसे परतली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "लई हालचाल हाय, आता निघता येत न्हाई." ज्या विधानाला त्याचे खंडनसुद्धा पुष्टी देते, ते विधान राज्य करण्यास अत्यंत सोयीचे असते. मोठमोठ्या देशांच्या फौजा याच आधारावर दुसऱ्यांच्या मुलखात वर्षानुवर्षे मुक्काम करतात. आपण वसाहतीच्या मानाने तेच केले.

पुराव्याकडे वळतो. गंगम्माअक्का, म्हणजे बेलबनमध्ये राहणारी माझी थोरली बहीण, तिच्या ओसरीवर पथकाला एक मडके सापडले. फडक्याने तोंड बांधलेले, आत बुडबुडे. संशयित द्रव म्हणून त्याची तपासणी झाली. तपासणी पिऊन झाली. ती आंबील होती. चांगली मुरलेली आंबील प्यायल्यावर लिंबाच्या सावलीत काय होते, हे लातुरात तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. पथक झोपले. अक्का परतली, तिने माणसे पाहिली आणि थंडी म्हणून त्यांच्या अंगावर वाकळा टाकल्या. अध्यक्षांच्या सभेत याचे निवेदन असे झाले: पथकाला निष्प्रभ करण्यात आले आणि झाकून ठेवण्यात आले. या हल्ल्यामुळे बेलबनला कायमचे संरक्षण देणे भाग पडले.

बेलबनचे दस्तगीरभाई त्या संध्याकाळी उशिरा शेतातून परतले. जाग्या झालेल्या पथकाने त्यांना फाटकावर विचारले, कुठे चाललात? ते म्हणाले, "घर कू. तुम कहां चले?" या प्रश्नाचे उत्तर पथकाने वर्षभरात दिलेले नाही. अक्का मला म्हणाली, "बसवंता, तुमच्या लोकायनी मला वाचवलं म्हनं. कशापून रे?"

माझी प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, साधी आहे. शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरण्याचा अधिकार मला नाही. तो तुम्हालाही नाही. मग ज्याच्यापाशी जे नाही ते प्रत्येकाने थोडे थोडे अध्यक्षांना दिले, आणि अध्यक्षांपाशी ते भरपूर झाले, हा हिशेब कोणत्या शाळेतला? रिकाम्या घागरी एकत्र ओतल्या म्हणून हौद भरत नाही, हे लातूरकरांना तरी शिकवायला नको.

अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. आवरतो.

अप्पा, आज तुमचा गौरव आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्ही पद का सोडता? निमंत्रणात प्रकृतीचे कारण आहे. तुमची प्रकृती मला तरी उत्तम दिसते... काय म्हणालात? जरा ध्वनिक्षेपकात बोला. मागच्या रांगेलाही कळू द्या.

"सर, पथक निघाल्यापून मी येळवशीला शेत पाहिलं न्हाई. सगळे शेतात भज्जी-भाकरी खाऊन येतात, मी फाटकावर बँडच्या कपड्यात. औंदा मला रेणापूरला शेतावर जायचंय. बस."

धन्यवाद. सभागृहाने ऐकले. दुसऱ्याच्या फाटकाला कुलूप घालणारा त्या कुलपाला स्वतःही बांधला जातो. रविकिरण, तुमचे लग्न याच वर्षी झाले. वसाहतीच्या सूनबाई, तुमच्या पत्नी अक्षरा यांची सासरची पहिली येळवस परवा आहे. ही किल्ली घेतलीत तर परवा आपण कुठे असाल, याची कल्पना आपल्याला कुणी दिली आहे काय?... दिलेली नाही. सूनबाई उभ्या राहिल्या आहेत. म्हणतात, "किल्ली घ्या की. शेतात कडब्याच्या कोपीत ताट वाढून तुमची वाट बघते."

रविकिरण दोन्ही हात पाठीमागे घेत आहेत. कुणी सक्ती करू नये. मी तर नाहीच करणार. अध्यक्षमहाराज, आपण घेता? आपलेही शेत आहे. आपण टेबलावरच्या सत्काराच्या नारळाकडे पाहत आहात, त्याचा अर्थ मी नकार असा घेतो.

तेव्हा किल्ली अजून माझ्याच हातात आहे आणि मलाही ती नको आहे. मागून कोण येत आहे? येऊ द्या, आता पास मागू नका.

अक्का, काय म्हणतेस?

"दे हिकडं. कुलूप माझ्या दाराचं हाय. तुमच्याजवळ कुलूप नव्हतं म्हनून त्या दिशी माझ्याच घराचं किल्लीसकट काढून फाटकाला लावलं. वरीसभर माझं दार उघडं हाय, बसवंता, अन् तुम्ही मला राखून राहिले."

सभागृह, किल्ली कोणाची ते सिद्ध झाले. किल्ली मालकिणीला दिली.

अप्पा, आपण मोकळे झालात. शेतावर सुखाने जेवा. रविकिरण, आपणही. अध्यक्षांनी मला शेवटपर्यंत बोलू दिले, त्यांचे आभार. सभागृहाने ऐकून घेतले, त्यांचे आभार. बोलण्यात अधिकउणे झाले असेल ते पदरात घ्यावे. आता शेवटची विनंती. आपल्यासाठी अक्काने आणलेले मडके दारात पथकाने अडवून ठेवले आहे. ते सोडावे, वाटून प्यावे, आणि नंतर कुणाचा डोळा लागलाच तर तो हल्ला समजू नये. नुसती वाकळ टाकावी आणि आपापल्या घरी जावे.