ताईंची बाटली

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या विभागातली सगळी मंडळी, पहिल्या रांगेतल्या मामी आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना मामा म्हणतो ते आज निवृत्त होणारे आमचे प्रयोगशाळा सहायक,

लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहू दे. आज सकाळी जे कळलं, ते त्यात नाही.

आमच्याकडे माशाचा स्नायू नसेसकट काढून क्षारांच्या द्रावणात ठेवतात. नसेला विजेचा हलका झटका दिला की तिच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूपर्यंत पोचतं आणि स्नायू आखडतो. मामांनी सोडवलेली नस कधी तुटली नाही. असा हात पुन्हा मिळेल का? अध्यक्षमहोदया, जागा भरताना एवढं लक्षात ठेवा.

माझी डॉक्टरेट याच रसायनावरची. आमच्या टाकीतल्या माशाची नस इतर माशांच्या छापून आलेल्या आकड्यांच्या दुप्पट अ‍ॅसिटिलकोलीन सोडते, असं मी शोधनिबंधात दाखवलं. त्यावर नोकरी मिळाली, मान मिळाला.

आज सकाळी मामांना म्हटलं, द्रावणाची कृती नव्या सहायकासाठी लिहून ठेवा. त्यांनी कागद दिला. कॅल्शियमपुढे दोन आकडे. एक नेहमीचा. दुसऱ्यापुढे लिहिलेलं, 'ताईंची बाटली'.

"हे काय, मामा?"

"तुमच्या डॉक्टरेटच्या वेळी स्नायू धड हलत नव्हते ना, ताई. चार महिने. सिंकपाशी उभ्या राहून रडायचात. म्हटलं, जरा कॅल्शियम वाढवून बघू. हलले की."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही हसायला लागला होतात. म्हटलं, कशाला."

मंडळी, कॅल्शियम वाढवलं की कुठल्याही माशाची नस जास्त रसायन सोडते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आमचा मासा चारचौघांसारखाच असेल. आणि मी शहाणी, बाटलीवरचं लेबल वाचलं, आतलं एकदाही तपासलं नाही.

मामा, मान वर करा. चमचा तुमचा होता, पण निबंधावर सही माझी आहे. मला तुमचा भयंकर राग आलाय, आणि माझं रडणं त्या इमारतीत फक्त तुम्हाला दिसलं होतं, हेही खरं आहे. उद्या मी तो निबंध मागे घेणार. अध्यक्षमहोदया, तुम्हाला हे असं सगळ्यांसमोर कळतंय, त्याबद्दल दिलगीर आहे.

मामी, सोमवारी यांना एक दिवस उसने द्या. सगळा प्रयोग पुन्हा करायचाय. नस मामाच सोडवतील. द्रावण मात्र मी करीन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. निबंधातलं मात्र घालू नका.