मनगट घट्ट धरणारं कुणी आहे का?

अहो, पण मी हात लावलाच नव्हता! तुम्हाला सांगते, नुसती उभी होते, नाकावरची माशी हाकलायला हात वर केला, तेवढ्यात समोरचा हामाझाकी, नव्वद किलोचा, टपाल खात्यातला गडी, चटईवर धप्पकन पडला! आणि पडल्या पडल्या वर म्हणतो, "वा वहिनी, काय जोर!" जोर? माशीला विचारा!

पूर्वी असं नव्हतं हो. जपानातल्या आमच्या तानाबे गावच्या या ऐकिदोच्या तालमीत सहा वर्षं चटई झिजवलीय मी. समोरच्यानं मनगट घट्ट धरायचं, आपण त्याचाच जोर वळवून त्याला पाडायचं, आणि नाही जमलं तर त्यानं मुळीच पडायचं नाही... त्याशिवाय कळणार कसं, आपल्याला काय येतं ते? मासळीवाल्या हिराओकामावशी धरायच्या, तर खेकडा परवडला! "नाही पडत जा! पुन्हा कर!" महिनाभर पडल्या नाहीत. पडल्या त्या दिवशी मी घरी जाऊन आनंदानं रडले.

मग एप्रिलात तालमीच्या गुरुजींच्या मुलाशी, शुनपेईशी लग्न केलं. झालं! गुरुजींची सून म्हटल्यावर मनगट धरतात कसं, तर उकळत्या चहाचा पेला धरावा तसं. बोट लावलं की पडला! मावशींना म्हटलं, "तुम्ही तरी धरा हो." तर कानात म्हणतात, "नको गं, गुरुजी बघतायत." आणि पडल्या! नवरा? तो तर लाजून पडतो!

आता मला खरंच काही येतं, की हा सगळा सासरचा मान? विचारू कुणाला?

रविवारी माझी काळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. पाच जण अंगावर आले, पाचही चटईवर पडले, शेवटचा तर घाईघाईत चौथ्यावर पडला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. माझेही... कारण वेगळं.

संध्याकाळी, पट्टा अजून कमरेलाच, तांदूळ धुऊन शिजायला टाकणार, तर सासूबाईंनी मनगट धरलं. जन्मात चटईवर पाय न ठेवलेली बाई! "पाणी अजून पांढरं आहे." मी वळले, वाकले, सहा वर्षांची सगळी विद्या पणाला लावली... हलतील तर शपथ!

"वळवळतेस काय? पुन्हा धू."

पडल्या नाहीत हो!

तेव्हापासून, तुम्हाला सांगते, मी रोज तांदूळ मुद्दाम वाईट धुते.